प्लॅन बदलणारच असेल तर...

लीन म्हणजे प्लॅनिंगला सुट्टी, असं मला बरीच वर्षं वाटायचं. प्लॅन बदलतोच, मग करायचा कशाला?

मग एक प्रोजेक्ट अंगाशी आला. ब्रॅकेटची डाय तयार झाली आणि त्याच आठवड्यात डिझाइनवाल्यांनी एक भोक सरकवलं. डाय परत टूलरूममध्ये. सहा आठवडे पाण्यात! टूलरूमचे काका शांतपणे म्हणाले, "साहेब, भोक हलू शकतं एवढं आधी कळलं असतं, तर तिथे बदलता येणारा इन्सर्ट ठेवला असता." वेळापत्रक मीच केलं होतं, एकट्याने. त्यांना विचारलंच नव्हतं.

नंतर प्रियसबद्दल वाचलं आणि ओशाळलो. डिसेंबर १९९७ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीसाठी टोयोटाचे चीफ इंजिनिअर ताकेशी उचियामादा यांनी वेगवेगळ्या विभागांची माणसं एका मोठ्या खोलीत एकत्र आणली होती. त्या खोलीला जपानीत 'ओबेया' म्हणतात. लीन ज्यांच्याकडून शिकायचं, तेच एवढं प्लॅनिंग करत होते!

आता आमच्याकडेही एक भिंत आहे. आपापल्या कामाची चिठ्ठी ज्याची त्याने लावायची. प्लॅन अजूनही बदलतो, पण कोणाचं काय अडणार ते आधी कळतं.

काका यंदा रिटायर झाले. पहिल्याच मीटिंगला मी आता त्यांचाच प्रश्न विचारतो: यात काय काय हलू शकतं?