मागील पानावरून पुढे

दुसऱ्यांदा उकळलेली चहाची भुकटी, एकाच थापेचा दुसरा प्रयोग आणि गाजलेल्या गोष्टीचा दुसरा भाग, या तीन वस्तूंकडे शहाण्या माणसाने जरा संशयानेच पाहावे असे माझे मत आहे. गंमत अशी, की यातल्या पहिल्या दोन नाइलाजाने गळ्यात येतात. तिसरीची मात्र आपण पाच-पाच वर्षे वाट पाहतो.

मी सांगणार आहे तो दुसरा भाग सिनेमाचा नव्हे, कादंबरीचाही नव्हे. तो संगणकावरच्या एका खेळाचा. आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाने चाळिशीत पोराटोरांच्या खेळाबद्दल काय बोलावे? पण हा खेळ पोराटोरांचा नाही. यात जगातली हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी एका काल्पनिक देशात हिंडत असतात. आपण एक सोंग घ्यायचे, त्याला नाव द्यायचे, चार माणसे जमवून राक्षस मारायचे आणि मिळेल ते साठवायचे. संगणक बंद केला तरी ही कमाई कंपनीच्या यंत्रात जमा राहते. थोडक्यात, बँकच म्हणा ना. फरक एवढाच, की इथे व्याज मिळत नाही आणि तरीही ग्राहक खुशीत असतात.

खेळाचे नाव गिल्ड वॉर्स. अमेरिकेत सिएटलजवळच्या अरीनानेट कंपनीने तो एप्रिल २००५ मध्ये बाजारात आणला. असले इतर खेळ दरमहा वर्गणी घेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या त्या काळच्या दांडग्या खेळाला महिन्याला जवळजवळ पंधरा डॉलर पडत. गिल्ड वॉर्सला एकदाच पैसे मोजायचे, की पुढे जन्मभर फुकट. मराठी मध्यमवर्गीय माणसाला भुरळ घालायला राक्षस, जादू, राजकन्या वगैरे काहीही लागत नाही. 'एकदाच पैसे' हे दोन शब्द पुरतात.

त्या खेळात मी मंक होतो. मंक म्हणजे साधू. हा लढत नाही. आठ जणांच्या टोळीत सर्वांत मागे उभा राहतो आणि कोण किती घायाळ झाला हे लाल पट्ट्यांवर पाहून ज्याचा त्याचा जीव भरून देतो. सगळे जगले तर श्रेय तलवारवाल्याला. एक जरी मेला तरी सातही जण वळून मंककडे पाहतात. हे काम मला कोणी शिकवावे लागले नाही. मी दिवसभर कॅश काउंटरवर तेच करत होतो.

मार्च २००७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की दुसरा भाग येणार. झाले! आमच्या मंडळात, म्हणजे गिल्डमध्ये, त्या दिवसापासून राक्षस सुखाने नांदू लागले. आम्ही शिकारीला निघायचेच बंद केले. आमच्याकडे रात्रीचे अकरा म्हणजे युरोपात संध्याकाळ. तिकडचा एक निवृत्त डच पोस्टमन, एक स्कॉटिश नर्सबाई, एक फिनलंडचा विद्यार्थी आणि मी, असे गावच्या वेशीत कोंडाळे करून बसायचे आणि दुसऱ्या भागात काय असावे, काय नसावे यावर चर्चा करायची. कंपनीच्या मालकांनाही एवढी काळजी नसेल.

पहिली मागणी उडीची. तुम्हाला खोटे वाटेल, पण गिल्ड वॉर्सच्या पहिल्या भागात आमच्या शूर वीरांना उडी मारता येत नसे. आकाशातून आग पाडणारा मांत्रिक गुडघाभर उंचीच्या कुंपणापाशी अडायचा आणि मुकाट्याने वळसा घालून जायचा. नर्सबाईंचे म्हणणे एवढेच होते, "बाकी काही देऊ नका, पण एक उडी द्या."

दुसरा प्रश्न अब्रूचा होता. पहिल्या भागात चार नावाची एक शिंगवाली, मांजरतोंडी जात होती. (चार हे नाव आहे, आकडा नव्हे, ती पुष्कळ होती.) या चारांनी आमचे हिरवेगार अ‍ॅस्कॅलॉन जाळून राख केले. गोष्टीच्या सुरुवातीला ते हिरवे राज्य पाहायला मिळे. एकदा पुढे गेले की परतीची वाट बंद. ते सोडवेना म्हणून काही खेळाडू कधी पुढे गेलेच नाहीत. तिथल्या तिथे सर्वोच्च विसाव्या पातळीला पोचायचे, तर तिथली जनावरे फार दुबळी. मग या मंडळींनी शोध लावला. जनावर आपल्याला मारते तेव्हा त्याचीही पातळी चढते. तेव्हा त्याच्या हातून तासन्‌तास मरत राहायचे, ते पुरेसे दांडगे झाले की त्याला मारायचे आणि थोडी प्रगती पदरात पाडून घ्यायची. बढतीची ही रीत मला फारशी अनोळखी वाटली नाही.

सांगायचा मुद्दा, लोकांचा जीव त्या गावावर असा होता. आणि आता कंपनी म्हणत होती, की दुसरा भाग अडीचशे वर्षांनंतर घडतो आणि त्यात खेळाडूला चार होता येईल! पोस्टमनने त्या रात्री जाहीर शपथ घेतली, की मी जीव गेला तरी चार होणार नाही.

पण खरी धास्ती तिसरीच होती. आमच्या कमाईचे काय? नेमक्या त्याच सुमारास आमच्या शाखेत खातेवह्या मिटून 'कोअर बँकिंग' येत होते. एक आजोबा रोज पासबुक घेऊन यायचे.

"साहेब, नव्या मशिनीत माझे पैसे येणार ना?"

"येणार हो, आजोबा."

"सगळे?"

"सगळे."

"आणि मागच्या सहामाहीचं व्याज?"

दिवसभर मी आजोबांना धीर द्यायचा आणि रात्री तोच प्रश्न, त्याच आवाजात, पोस्टमनला विचारायचा. आमच्या ही म्हणाली, "अहो, त्या आजोबांचे निदान खरे पैसे आहेत." हे बरोबरच होते. पण दोन हजार रात्री जागून जमवलेल्या वस्तूला खोटी म्हणायला माणसाचे मन धजत नाही.

कंपनीचे उत्तर असे आले, की सोनेनाणे पुढे जाणार नाही, वीरही जाणार नाहीत. जाईल ते नाव (ते आपल्यासाठी राखून ठेवू) आणि जाईल तो मान. त्यासाठी ऑगस्ट २००७ च्या पुरवणीत एक स्मारकांचे दालन बांधले होते. आपले पराक्रम, चिलखते, पाळीव प्राणी तिथे मांडून ठेवायचे, त्याचे पन्नासपैकी गुण मिळणार आणि त्या गुणांवर दुसऱ्या भागात बक्षिसे. वस्तूंची बक्षिसे तीस गुणांपर्यंतच. पुढे नुसत्या पदव्या. तरी लोक पन्नासासाठी झटत होते. बढतीबरोबर पगार वाढला नाही तरी माणूस सोसतो, नावामागे 'वरिष्ठ' लागले पाहिजे.

शंकेखोरांना इतिहासाचाही आधार होता. अल्टिमा ऑनलाइन हा १९९७ चा खेळ. त्याच्या दुसऱ्या भागाचे काम २००१ मध्ये अर्ध्यावर सोडले, आणि नंतर आणखी एक प्रयत्न झाला तोही २००४ मध्ये गुंडाळला. अ‍ॅशरन्स कॉल १९९९ मध्ये आला, त्याचा दुसरा भाग २००२ मध्ये. तो धाकटा २००५ च्या अखेरीस बंद पडला. थोरला मात्र चालू होता. पुढे २०१२ मध्ये धाकट्याला पुन्हा उठवले, आणि २०१७ च्या जानेवारीअखेर दोघांनाही एकाच दिवशी कुलूप लागले. असल्या खेळातली हीच मेख आहे. पुस्तकाचा दुसरा भाग वाईट निघाला तर पहिला आपल्या कपाटात असतो. इथे खाते आपले, पण तिजोरी त्यांची. नव्या दुकानाची जाहिरात लागली की जुन्या गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो, तो उगाच नाही.

आणि मग माझ्यावर वैयक्तिक कुऱ्हाड कोसळली. कंपनीने कळवले, की दुसऱ्या भागात मंक नाही. पदच रद्द! प्रत्येक वीराजवळ आपापले मलम असेल, ज्याने त्याने ते लावून घ्यावे. इकडे शाखेच्या दारात पासबुक छापायचे यंत्र बसवायचे घाटत होते, तिकडे ही बातमी. एकाच वर्षात माणसाने दोन्ही जगांत किती वेळा अनावश्यक ठरावे याला काही मर्यादा?

अखेर २८ ऑगस्ट २०१२ रोजी दुसरा भाग आला. गर्दी अशी लोटली, की कंपनीने स्वतःच्या दुकानातली विक्री काही दिवस थांबवली. माल आहे, गिऱ्हाईक आहे, पैसे हातात आहेत, आणि दुकानदार शटर ओढून बसला आहे, असे दृश्य मी पुण्याबाहेर प्रथमच पाहिले.

उडी मिळाली. नुसती मिळाली नाही, तर उड्या मारण्यासाठी खास कडे-कपारी बांधलेल्या निघाल्या. नर्सबाई पहिल्या आठवड्यात सत्तर वेळा दरीत पडल्या आणि प्रत्येक वेळी आनंदाने पडल्या. पातळी विसाची ऐंशी झाली. पोस्टमन दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी चार शिंगे मिरवत आला. आम्ही शपथेचा विषय काढला नाही. शेवटी त्याच्या डोक्यावर शिंगे होती.

मंक खरोखरच नव्हता. पण एक नवी सोय होती. कोणी पडला तर त्याला कोणीही उठवू शके, ओळख असो वा नसो. मी स्वतः एकदा दलदलीत आडवा झालो, तर कुठकुठली सहा-सात सोंगे लढाई सोडून धावत आली, भोवती बसली आणि मला उभे करून आपापल्या वाटेने निघून गेली. नाव विचारले नाही, आभाराची वाट पाहिली नाही. जे मी एकटा मागे उभा राहून करत होतो ते आता सगळेच करत होते. सेवानिवृत्त माणसाला आणखी काय हवे?

तर हवे होते. ते मला उशिरा उमगले. जुन्या गावात वेशीवर सतत आरोळ्या चालत, "मंक पाहिजे! एक मंक पाहिजे!" टोळी जमल्याशिवाय आम्ही बाहेर पडत नसू, जमेपर्यंत बोलावे लागे, बोलता बोलता कोणाची मुलगी नापास झाली, कोणाची आई आजारी आहे, हे कळे. नव्या गावात कुणाचे कुणावाचून अडत नाही. सगळे एकमेकांना मदत करतात आणि कोणी कोणाला हाक मारत नाही. पाच वर्षे आम्ही मागण्यांची यादी केली, तीत हाक हवी असे कोणी लिहिलेच नव्हते. ती तर होतीच, ती कशाला मागायची?

आजोबांचे पैसे, अगदी सहामाहीच्या व्याजासकट, नव्या यंत्रात बिनचूक आले. पुढे दारात पासबुकाचे यंत्रही बसले. आता ते यंत्रातून पासबुक छापून घेतात आणि लांबूनच हात करून जातात. त्यांचा हिशेब बरोबर आहे. माझ्याही नावे दालनातले चौतीस गुण जमा आहेत.

मार्च २०२४ मध्ये दक्षिण कोरियात एनसीसॉफ्ट या मालक कंपनीच्या भागधारकांच्या सभेत तिसऱ्या भागाचा विषय निघाला. भागधारकांच्या सभेत मी आजवर लाभांश आणि बटाटेवडा यापलीकडे काही निघालेले पाहिले नव्हते. त्या रात्री पोस्टमनचा निरोप आला. तो आता ऐंशीच्या घरात आहे. त्याने एकच ओळ लिहिली होती, की या वेळी मंक असेल का?

मी जुने गाव उघडून पाहिले. पहिल्या भागाने २०२५ मध्ये वीस वर्षे पुरी केली, तीही चालू स्थितीत. अल्टिमाच्या आणि अ‍ॅशरनच्या घरातले प्रसंग आमच्या घरात झाले नाहीत, हे कंपनीच्या नावे जमेस धरले पाहिजे. वेशीवर मी आणि पोस्टमन बराच वेळ बसलो. जुन्या खोडीप्रमाणे यादी करायला घेतली. नर्सबाई नव्हत्या, म्हणून उडीचा मुद्दा मीच मांडला. सोने पुढे नेऊ नका, पदव्या नेऊ नका, आरंभीची शिल्लक शून्य असली तरी तक्रार नाही, यावर दोघांचे एकमत झाले. फक्त एखादा डोंगर असा ठेवा, की जो एकट्याला चढताच येणार नाही. आणि नवे दुकान उघडलेत म्हणून जुन्याची वीज तोडू नका.

घोषणेपासून दुसरा भाग यायला पाच वर्षे लागली होती. तिसऱ्याला किती लागतील, हा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही. माझ्या निवृत्तीच्या आत आला तर बरे. नंतर आला तर अधिक बरे. निदान रजा टाकावी लागणार नाही.