व्हीपीएन घ्यायचं का, दादा?

गेल्या वर्षी आमच्या रामबागेतल्या जुन्या घराचं नामांतरण करायचं ठरलं. घर आजोबांच्या नावावर आणि वारस तिघं: बाबा इथे इंदुरात, काका पुण्यात, आत्या बडोद्याला. कागद गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग तूच कर." घरात एक मुलगा बी.ई. झाला की प्रिंटरपासून गिझरपर्यंत सगळं त्याच्याच वाट्याला येतं.

जुनी रजिस्ट्री, आजोबांच्या मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराच्या पावत्या, तिघांचे आधार आणि पॅन असं सगळं स्कॅन केलं. शोधाशोधीत कपाटात आजोबांच्या आवाजातल्या भजनांच्या चौदा कॅसेटी सापडल्या. त्याही कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. आवाज बिघडू नये म्हणून वेव्ह फाइली केल्या, त्यामुळे एकेक कॅसेट ६०० एमबीच्या घरात गेली. एकूण पसारा ९ जीबी. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात, पण त्यातच मेल आणि फोटोही मोजले जातात. जुने मेल उडवून जागा केली, सगळं एका फोल्डरमध्ये टाकलं आणि 'लिंक असलेला कोणीही' उघडू शकेल अशी लिंक घरच्या ग्रुपवर पाठवली. आत्याला लॉगिनचा त्रास नको, एवढाच विचार होता.

लगेच काकांच्या मुलाचा फोन आला. तो पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. "दादा, एवढे कागद शेअर करतोयस, व्हीपीएन घ्यायचं का? दोन वर्षांचा प्लॅन स्वस्त पडतो, सगळे मिळून वर्गणी काढू. नाहीतर फुकटचं एखादं टाकतो."

मी त्याला ऐटीत समजावलं. व्हीपीएन म्हणजे आपल्या दारापासून त्या कंपनीच्या दारापर्यंत जाणारी बंद गाडी. आत काय आहे ते आपल्या इंटरनेटवाल्याला दिसत नाही. पण त्या कंपनीच्या दारापासून पुढे रस्ता नेहमीचाच. आणि ड्राइव्हवर फाइल चढवताना ती एचटीटीपीएसमुळे आधीच बंद पाकिटातून जाते. इंटरनेटवाल्याला फार तर आपण गुगलकडे गेलो एवढं कळतं, पाकिटातला कागद वाचता येत नाही. फुकटच्या व्हीपीएनला तर हातही लावू नकोस. सर्व्हरचा खर्च त्यांना कुठून तरी काढायचा असतो, तो आपली माहिती विकून काढला तर आपल्याला कळणारही नाही. सबब, एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

सगळं बरोबर होतं. तरी आठवड्याभरात आत्याचा फोन आला.

"अरे, इंदूरहून कोणी दलाल बोलत होता. घर विकायचं आहे का विचारत होता. माझं आधारवरचं पूर्ण नाव, बडोद्याचा पत्ता, सगळं त्याला माहीत. माझे कागद त्याच्या मोबाइलवर कसे रे?"

शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. काकांनी रजिस्ट्रीतला एक मुद्दा विचारायला लिंक एका ओळखीच्या गृहस्थांना पाठवली होती. त्यांनी ती आणखी कोणाला तरी पाठवली. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. लिंक ज्याच्या हाती पडली त्याला सगळं फोल्डर दिसत होतं, कारण दार मीच उघडं ठेवलं होतं. बंद गाडीवर व्याख्यान देत बसलो आणि घराला कडी घालायला विसरलो. लिंक लगेच बंद केली, पण तोवर ज्यांनी फाइली उतरवून घेतल्या असतील त्यांच्याकडून त्या परत येणार नव्हत्या. आत्या रागावली नाही. "बरं, बघ आता," एवढंच म्हणाली. ते जास्त लागलं.

मग नीट बसलो आणि आधी कागद आणि कॅसेटी वेगळ्या केल्या. कागदांचं फोल्डर फक्त बाबा आणि काकांच्या ईमेलच्या नावाने उघडलं, तेही नुसतं बघण्यापुरतं. संपूर्ण आधारऐवजी मास्क्ड आधार ठेवलं. ते यूआयडीएआयच्या साइटवरून मिळतं आणि त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. जिथे पूर्ण नंबर लागलाच, तिथे समोर जाऊन कागद दाखवला. आत्याला ईमेलचा पासवर्ड आठवत नव्हता. तिला पासवर्ड लावलेली पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली आणि पासवर्ड फोनवर तोंडी सांगितला. नामांतरण झाल्यावर फोल्डर पुसून टाकलं.

भजनांना एवढा पहारा नको होता, फक्त जागा हवी होती. काकांच्या आणि आमच्या कॉम्प्युटरवर सिंकथिंग नावाचा मोफत प्रोग्राम टाकला. दोन्ही मशीन चालू असली की फाइली सांकेतिक रूपात थेट इकडून तिकडे जातात, मध्ये कोणाच्या जागेचं भाडं नाही. बडोद्याला मात्र गणपतीत पेनड्राइव्हच गेला.

मग व्हीपीएन कधी लागतं? ऑफिसचं नेटवर्क घरून वापरायचं असेल तर लागतं, आणि ते ऑफिसच देतं. घरातली हार्डडिस्क बाहेरगावाहून उघडायची असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केल वापरून स्वतःचं व्हीपीएन फुकट उभं करता येतं. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडमध्ये घराला स्वतंत्र पब्लिक आयपी नसतो, तिथे टेलस्केल सोयीचं पडतं. यासाठी महिन्याचे पैसे भरायची गरज नाही.

चुलतभावाचा खरा प्रश्न नंतर बाहेर आला. त्याला टॉरेंटवरून सिनेमे उतरवायचे होते. टॉरेंटमध्ये एकच फाइल घेणाऱ्या सगळ्यांना एकमेकांचा आयपी दिसतो, आणि विकतचं व्हीपीएन तो झाकतं, हे खरं. पण चोरीचा सिनेमा झाकून आणला तरी चोरीचाच राहतो. लिनक्ससारखं उघडपणे वाटलेलं काही उतरवायचं असेल, तर झाकायचं कारणच नाही. शिवाय भारतात २०२२ साली सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले. म्हणजे 'कोणालाच काही कळणार नाही' हे जाहिरातीतलं वाक्य जपूनच घ्यावं. तो हसला आणि वर्गणीचा विषय तिथेच संपला.

तुमच्याकडेही आता घराच्या वाटण्या, मुलांच्या परदेशातल्या ॲडमिशन, आजीच्या औषधपाण्याच्या फाइली अशाच फिरत असतील. व्हीपीएनचे पैसे काढण्याआधी शेअरिंगचं ते छोटं बटण एकदा उघडा आणि कोणाकोणाला काय दिसतंय ते बघा. त्याला दोन मिनिटं लागतात.

परवा आत्याला भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोंची लिंक पाठवली. उघडण्याआधी तिचा फोन आला, "ही आणखी कोणकोण उघडू शकतं रे?"

मी तपासून सांगितलं. मगच तिने फोटो बघितले.