जयपूरहून परदेशी जाताना: परकोट्यापासून ई-गेटपर्यंत

जयपूरच्या जुन्या शहराला इथले लोक परकोटा म्हणतात. परकोटा म्हणजे तटबंदीच्या आतलं गाव. सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये ते वसवलं आणि आत-बाहेर करायला मोठमोठे दरवाजे ठेवले. चांदपोल, सूरजपोल, अजमेरी गेट, घाट गेट, सांगानेरी गेट. एकेकाळी हे दरवाजे रात्री बंद होत, उशिरा पोहोचलेल्या माणसाला बाहेरच थांबावं लागे. आता त्यांच्याखालून दिवसरात्र ई-रिक्षा धावतात आणि कोण आलं, कोण गेलं हे कुणी विचारत नाही. सांगानेरी गेटमधून दक्षिणेकडे निघालं की पुढे सांगानेर लागतं, छापील कापडाचं आणि हातकागदाचं गाव. जयपूरचा विमानतळ तिथेच आहे, आणि तिथे मात्र अजूनही प्रत्येकाला थांबवून विचारलं जातं, कोण, कुठले, कुठे चाललात?

या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या वतीने आधीच दिलेलं असतं, तो प्रवासी भाग्यवान. आपल्या इतिहासात याचं एक छान उदाहरण आहे आणि त्याचा जयपूरशी संबंध आहे. 1735 मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेला निघाल्या. उदयपूर, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया असा लांबचा पल्ला होता. वाटेतला बराच मुलूख मराठ्यांचा नव्हता, उलट तिथल्या कितीतरी सरदारांशी मराठ्यांच्या लढाया झाल्या होत्या. तरीही जयपुरात खुद्द सवाई जयसिंहांनी त्यांचं आदरातिथ्य केलं, पुढच्या प्रवासाची काळजी घेतली. ज्या मुहम्मदखान बंगशाशी बाजीरावांची बुंदेलखंडात लढाई झाली होती, त्यानेही त्यांना मानाने वागवलं. दुसऱ्या वर्षी राधाबाई सुखरूप पुण्याला परतल्या. आईसाहेबांना कुठल्या चौकीवर कुणी अडवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे त्यांच्या मुलाचा दबदबा चालत होता आणि सोबत जयपूरच्या राजाचा शब्द होता.

तुमच्याआमच्यापुढे दबदबा चालत नाही, पासपोर्ट चालतो. पण गेल्या काही वर्षांत सरकारने साध्या प्रवाशालाही असा आधीच दिलेला शब्द मिळण्याची सोय केली आहे. तिचं नाव फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम. म्हणजे तुमची चौकशी एकदा आधीच करून ठेवायची, बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवून घ्यायचा. मग प्रत्येक प्रवासात इमिग्रेशनच्या काउंटरसमोर उभं न राहता आपोआप उघडणाऱ्या ई-गेटमधून जायचं. 22 जून 2024 ला दिल्लीच्या टर्मिनल 3 वर ती सुरू झाली. 16 जानेवारी 2025 ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद आले. सप्टेंबर 2025 मध्ये लखनौ, अमृतसर, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली आणि कोझिकोड आले, आणि आकडा 13 झाला. एकूण 21 मोठ्या विमानतळांपर्यंत जायचं असं सरकारने सांगितलं होतं.

त्या तेरांच्या यादीत जयपूर नव्हतं. म्हणूनच इथल्या मंडळींनी अर्ज करण्याआधी थोडा हिशोब मांडावा.

जयपूरहून परदेशी कोण जातं? एक तर जौहरी बाजारातली माणसं. पन्ना, माणिक, कुंदनकामाचे व्यापारी वर्षातून चार-पाच वेळा बँकॉक, हाँगकाँग, दुबई करतात. दुसरे शेखावाटीतले कामगार, सीकर, चुरू, झुंझुनूचे, आखातात मजुरीला जाणारे. आणि तिसरे आमच्यासारखे, मुलांना किंवा भावंडांना भेटायला दोन-तीन वर्षांतून एकदा निघणारे, बॅगेत लोणच्याच्या बरण्या चार-चार पिशव्यांत गुंडाळणारे.

जयपूरहून थेट आखातात जाणाऱ्याला दिल्लीतल्या ई-गेटचा उपयोग शून्य, कारण त्याचं इमिग्रेशन सांगानेरलाच होतं. दिल्ली किंवा मुंबईहून विमान पकडणाऱ्यांचं मात्र वेगळं. इथून दिल्ली रस्त्याने पाच-सहा तासांवर, मुंबईला तर जयपूर-मुंबई सुपरफास्टने माहेरी जाणाऱ्या मराठी सुना कितीतरी. युरोप-अमेरिकेची बरीच विमानं या दोन शहरांतून सुटतात, आणि मध्यरात्री एकामागून एक सुटतात. त्या वेळची इमिग्रेशनची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना ई-गेटची किंमत समजावून सांगावी लागत नाही. आमच्या शेजारचे जौहरी काका तर म्हणतात, "बहू, रांगेत जो तास जातो तो माझ्या धंद्याचा तास आहे." त्यांनी बँकॉकलासुद्धा दिल्लीमार्गेच जायचं ठरवून टाकलं.

आता अर्जाबद्दल. तो गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर घरबसल्या भरायचा असतो. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्ड असलेले परदेशस्थ भारतीय तो करू शकतात, आणि त्यांच्यासाठी ही सोय मोफत ठेवली आहे. तेव्हा "फॉर्म भरून देतो, इतके रुपये" म्हणणाऱ्या एजंटाला नम्रपणे नमस्कार करा. मोबाइल नंबर आणि ईमेल पडताळायचा, पासपोर्टची पानं, फोटो आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, मग इमिग्रेशन खात्याकडून छाननी होते. मंजुरीचा निरोप आला की ठसे आणि चेहरा नोंदवायला ठरलेल्या विमानतळावर किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात, म्हणजे एफआरआरओमध्ये जायचं. आमच्याकडे बहुतेक जण हे काम पुढच्या प्रवासाच्या वेळी विमानतळावरच उरकतात. त्या दिवशी मात्र घरून लवकर निघावं, ई-गेट अजून मिळालेलं नसतं आणि नोंदणीलाही वेळ जातो.

फॉर्म भरताना तीन गोष्टी नीट बघा. पहिली पासपोर्टची मुदत. अर्जाच्या वेळी ती किमान सहा महिने शिल्लक हवी. शिवाय नोंदणी पाच वर्षांची किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. पासपोर्ट पुढच्या वर्षी संपत असेल तर आधी तो नवा करून घ्या आणि मग इकडे वळा. दुसरी गोष्ट नाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, लग्नानंतर आडनाव बदललेलं, आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं, हे घराघरांत सापडतं. राजस्थानात लोकांना आपलं तीन पदरी नाव कळतच नाही, मधलं नाव हेच आडनाव समजून तिकीट काढून देणारे भेटतात. अर्जातलं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर असू द्या, आणि तिकीटही त्याच नावाचं काढा, कारण ई-गेटवर आधी विमान कंपनीचा बोर्डिंग पास आणि मग पासपोर्ट स्कॅन होतो. तिसरी गोष्ट बोटं. जयपुरात रत्नं घासणाऱ्या कारागिरांची बोटं झिजून गुळगुळीत होतात, रेशनच्या मशीनवरही अंगठा उमटायला वेळ लागतो. ज्यांचे ठसे पुसट येतात त्यांनी नोंदणीच्या वेळी हात स्वच्छ धुवून, थोडं क्रीम लावून जावं. लग्नसराईतली ताजी मेंदीही त्या दिवशी नको.

अनेकांचा इथे आणखी एक गोंधळ होतो. "आमच्याकडे डिजियात्रा आहे की!" असं म्हणतात. डिजियात्रा जयपूर विमानतळावरही आहे, पण ती देशांतर्गत प्रवासात टर्मिनलमध्ये शिरताना आणि सुरक्षा तपासणीला जाताना कामाची. तिचा इमिग्रेशनशी संबंध नाही. तसंच भारतातलं ई-गेट म्हणजे काही परदेशातला परवाना नव्हे. व्हिसा लागतो तिथे तो लागतोच, आणि पलीकडच्या देशाची रांगही त्याच्या नियमाने लावावी लागते. मुलं अमेरिकेत असलेल्यांनी तिकडच्या ग्लोबल एंट्रीचा विचार जरूर करावा. भारतीय नागरिकांना ती 2017 पासून खुली आहे. तिची फी 120 डॉलर, मुदत पाच वर्षं. भारतीयांची पार्श्वभूमी तपासणी आपल्या पासपोर्ट सेवा केंद्रांच्या यंत्रणेतून होते आणि शेवटी अमेरिकी अधिकाऱ्यांसमोर मुलाखत असते, ती तिथे उतरल्यावर विमानतळावरही देता येते. वर्षातून एकदा तरी जाणं होत असेल तर हा खटाटोप परवडतो. पाच वर्षांत एकदाच जाणार असाल तर ते डॉलर नातवंडांच्या खाऊला ठेवा.

कस्टम्सचं खातं तर वेगळंच. ई-गेट इमिग्रेशनपुरतं आहे, दागिन्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. इथल्या बायका लग्नाला परदेशी निघाल्या की कुंदनचा सेट, पोलकीचे कानातले बरोबर असतातच. जड दागिने नेत असाल तर जातानाच कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परतताना "हे तिकडे घेतलं का?" या प्रश्नाला कागदाने उत्तर देता येतं. सिटी पॅलेसमध्ये दोन अवाढव्य चांदीचे कलश ठेवले आहेत, पाहिले असतील तुम्ही. महाराजा माधोसिंह दुसरे 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला इंग्लंडला गेले, तेव्हा प्रवासात पिण्यासाठी गंगाजल अशा कलशांत भरून बोटीवर चढवलं होतं. एकेक कलश सुमारे 345 किलोचा! ते पाहताना दरवेळी माझ्या मनात आजच्या बॅगेज काउंटरवरचा तो काटा येतो.

पण अर्ज भरायला बसलं की घरात खरा प्रश्न वेगळाच उभा राहतो. आम्ही मागच्या वर्षी जर्मनीला, दिरांकडे जायचं ठरवलं. आम्ही सहा जण. सासरे 72 वर्षांचे, सासूबाई 68, आम्ही दोघं, मुलगी बारा वर्षांची आणि धाकटा पाच. या योजनेत वय किमान 6 आणि जास्तीत जास्त 70 हवं. म्हणजे आमच्यातले चौघं बसले आणि दोघं बाहेर राहिले, नेमके ज्यांना रांगेत उभं राहणं सर्वांत कठीण जातं ते. सासरे निवृत्त सरकारी नोकर. एकेचाळीस वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही. ते फॉर्मकडे बघून म्हणाले, "म्हणजे सत्तरीनंतर माझा भरवसा संपला म्हणायचा!" त्यावर सासूबाई, "अहो, मग मीही तुमच्याबरोबर रांगेतच. मला एकटीला त्या काचेच्या दारात नको पाठवू गं."

त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. यंत्राला एकेक माणूस ओळखता येतो, कुटुंब नाही. आपण मात्र प्रवासाला कुटुंब म्हणून निघतो, पासपोर्ट एका पाऊचमध्ये, फाइल एकाच्या हातात. अधिकाऱ्याने विचारलं तर उत्तर मुलगा देतो, ऐकू कमी येत असेल तर सून मोठ्याने सांगते. शेखावाटीतल्या ज्या तरुणांचा मघाशी उल्लेख केला, त्यांचंही थोडं असंच आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा असतो, आखातात कामाला जायचं तर सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते आणि काउंटरवर कागद बारकाईने पाहिले जातात. ज्याला प्रवासाची सवय आहे, इंग्रजी येतं, कागद नीट आहेत, तो सर्वांत आधी बाहेर पडतो. जो घाबरलेला असतो, त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. मला वाटतं, विमानतळांनी ई-गेटमुळे मोकळे झालेले काउंटर सर्वांत आधी ज्येष्ठांना आणि लहान मुलं घेऊन आलेल्यांना द्यावेत. तसं कुठे होत असेल तर उत्तमच.

तोवर घरच्या घरी काय करता येतं? आम्ही सगळ्यांनी एकत्र रांगेत उभं राहायचं की विभागून जायचं यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. शेवटी चौघांऐवजी यजमान आणि मुलगी असे दोघांनीच अर्ज केले. दोघांचेही मंजूर झाले. मुलीच्या अर्जात फोन नंबर आणि ईमेल आम्हा पालकांचा. मी धाकट्याला आणि सासू-सासऱ्यांना घेऊन काउंटरच्या रांगेत राहिले. सासऱ्यांसाठी तिकिटाबरोबरच व्हीलचेअर मागून ठेवली होती, तिच्याबरोबर येणारा मदतनीस वाट माहीत असलेला असतो. सासऱ्यांना आधी तीही नको होती, "मला चालता येतं" म्हणून. पण दिल्लीच्या टर्मिनल 3 वरचं चालणं म्हणजे चांदपोलपासून सूरजपोलपर्यंतचा बाजार पायी करण्यासारखं आहे, असं सांगितल्यावर ते बसले. फाइल दोन केल्या. रांगेतल्या चौघांचे पासपोर्ट, व्हिसा, विम्याचे कागद आणि दिरांच्या घरचा पत्ता माझ्याकडे, त्या दोघांचे त्यांच्याकडे. निघताना ई-गेटचा फारसा फायदा झाला असं म्हणता येणार नाही, पुढे जाऊन ते आमचीच वाट बघत बसले.

परतताना मात्र ते कामाला आलं. पहाटेचं विमान, एकाच वेळी उतरलेली बरीच माणसं, सासऱ्यांचे पाय सुजलेले, धाकटा खांद्यावर झोपलेला. हे दोघं पुढे निघून गेले. आम्ही काउंटर ओलांडून खाली पोहोचलो तेव्हा पट्ट्यावरून सहाच्या सहा बॅगा उतरवून दोन ट्रॉल्यांवर रचलेल्या होत्या, जयपूरला नेणाऱ्या गाडीवाल्याला फोन झालेला होता, आणि मुलगी आजोबांसाठी पाण्याची बाटली उघडून उभी होती.