दहा टक्क्यांचा प्रवासी

बँकेच्या काउंटरवर बसून एकवीस वर्षं मी लोकांना एकच उपदेश करीत आलो आहे. मुदत ठेव मुदतीआधी मोडू नका. मुलीचं लग्न काढलेला बाप असो की बोअरला पाणी न लागलेला शेतकरी असो, मी त्याला कागदावर आकडे मांडून दाखवतो, व्याज कसं आणि किती बुडतं ते. २०२३ च्या मार्चमध्ये मीच माझी ठेव मोडायला अर्ज भरला, तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी माझ्याच अक्षरातला असा एक जुना कागद शांतपणे माझ्यापुढे सरकवला. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच मला गिऱ्हाइकांच्या चेहऱ्याचा अर्थ कळला.

याला जबाबदार आमचे धाकटे चिरंजीव. ते जुलैत दोन वर्षांचे व्हायचे होते. विमानवाल्यांच्या कायद्यात दोन वर्षांखालचं मूल म्हणजे माणूस नव्हे. ते आईबापाच्या मांडीवरचं सामान. त्याला खुर्ची नाही आणि परदेशी प्रवासाचं भाडं मोठ्या माणसाच्या साधारण दहा टक्के. दोन वर्षं पुरी झाली की त्याला स्वतंत्र खुर्ची घ्यावी लागते, आणि मग भाडं ऐकून आपल्यालाच कोणाच्या तरी मांडीवर बसावंसं वाटतं. शिवाय मूल परदेशात असताना दोन वर्षांचं झालं, तर परतीची खुर्ची पैसे मोजून घ्यावी लागते. म्हणजे जायचं ते जुलैच्या आत, आणि यायचंही जुलैच्या आत. बी. कॉम.ला शिकलेलं सगळं मी या एका हिशेबात वापरलं.

पण नुसत्या सवलतीसाठी कोणी सातपूरहून अमेरिकेला जात नाही. आमची आई २०१९ साली दादाकडे न्यू जर्सीला गेली ती सहा महिन्यांसाठी. जाताना लोणच्याच्या बरणीला फडकं बांधून गेली होती, आल्यावर सोडायचं म्हणून. मार्च २०२० मध्ये विमानं बंद झाली. ती पुन्हा पूर्ववत सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडला, आणि मधल्या काळात आईला अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. उजवा हात अधू झाला. एवढ्या लांबच्या प्रवासाला डॉक्टर नको म्हणाले. चिरंजीवांचा जन्म नेमका याच काळातला. रोज रात्री आठला आम्ही तिला फोनवर गाठायचो. तिकडे तेव्हा सकाळचे साडेदहा. चिरंजीवांच्या लेखी आजी म्हणजे एक वीतभर लांबीची वस्तू, चार्जिंग संपलं की जाणारी. एकदा ती फोनमधून म्हणाली, “याला एकदा मांडीवर घ्यायचं राहिलंय बघ.” एवढंच. लगेच गवारीच्या भावाकडे वळली. दुसऱ्या दिवशी मी ठेव मोडली.

पासपोर्टच्या वेळी चिरंजीवांना सही येईना, म्हणून अंगठा. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा, हे मी आयुष्यभर खातेदारांना सांगत आलोय. पण घरातला पुरुष अंगठ्याला शाई लागताच ती साहेबांच्या शर्टाला पुसतो, हा अनुभव नवा होता.

शेजारचे अण्णा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. तो कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला. मिगमध्ये माणूस एकटाच बसतो, त्यामुळे पोरांचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. तरी विमान म्हटलं की सातपूर कॉलनीत अधिकार अण्णांचाच. ते म्हणाले, “भाऊ, आतली हवा आपण समजतो तशी नसते. सहा ते आठ हजार फुटांवर असावी तेवढीच विरळ ठेवतात. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच बसलात असं समजा. पोरांच्या कानातली नळी अरुंद असते आणि आडवी असते. गिळलं की उघडते. तेव्हा चढताना आणि त्याहून जास्त उतरताना त्याच्या तोंडात काहीतरी पाहिजे.” मी हे वहीत लिहून घेतलं. सौ.ने वही न घेता दुधाच्या दोन बाटल्या घेतल्या.

दुपारी चारला सातपूरहून गाडी निघाली. कसाऱ्याचा घाट चिरंजीवांना मानवला नाही आणि माझ्या विमानात घालायच्या शर्टालाही नाही. मुंबईच्या विमानतळावर पोचेपर्यंत आम्ही बॅगेतले निम्मे कपडे वापरून टाकले होते. तिथे एक गोष्ट पाहिली. आमच्या विमानासाठी चाकाच्या खुर्च्यांची ही लांब रांग. त्यांत सगळे आज्या नि आजोबा. कोणी मुलीच्या बाळंतपणाला निघालेलं, कोणी सुनेच्या. प्रत्येकीच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा असावा असा ऐवज. सगळं विमान आज्या घेऊन नातवंडांकडे चाललं होतं, आणि आम्ही तेवढे उलटे, नातवंडं घेऊन आजीकडे.

बोर्डिंग झालं. विमान हललं, तसा मी वहीतला नियम आठवून बाटली चिरंजीवांच्या तोंडाला लावली. विमान हललं खरं, पण उडालं नाही. बैलगाडीसारखं अर्धा तास जमिनीवरच फिरलं. प्रत्यक्ष उडालं तेव्हा बाटली रिकामी होती, दुसरी बाटली वरच्या कप्प्यात होती, आणि पट्टे बांधल्याशिवाय हालू नये असा दिवा पेटला होता. यानंतर चिरंजीवांनी जो सूर लावला त्यापुढे इंजिनाने हार मानली. ज्यांना लहान मुलं घेऊन जायचंय त्यांना माझं एवढंच सांगणं, पाठ खुर्चीला चिकटली की मग बाटली काढा, आधी नाही.

सोळा तास. मुंबई ते नेवार्क. सोळा तास म्हणजे काय, हे मोठ्या माणसाला झोप लागून कळत नाही. लहान मुलाबरोबर ते मिनिटामिनिटाने कळतं. समोरच्या भिंतीला अडकवायचा एक पाळणा मिळतो, तो आम्ही आठवणीने मागून घेतला होता. त्याला दहा-अकरा किलोची मर्यादा. चिरंजीव साडेअकरा. हवाई सुंदरीने त्यांच्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच त्यात बसायचा हट्ट धरतोय. पाळणा परत गेला.

पाच वर्षांच्या कन्येचं स्वतंत्र संस्थान होतं. समोरच्या पडद्यावर नकाशा आणि त्यात सरकणारं एवढंसं विमान. “बाबा, आता कुठलं गाव?” मी म्हटलं, काळा समुद्र. “मग कसारा कधी येईल?” शिवाय विमानातल्या संडासात कळ दाबली की होणारा आवाज तिला इतका आवडला की न्यू जर्सीपर्यंत तिला सात वेळा लागली.

चिरंजीवांना चालायला हवं होतं. पट्ट्यांचा दिवा विझला की त्यांचं बोट धरून मी निघायचो. पुढून मागे, मागून पुढे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आम्ही ब्रह्मगिरीची फेरी करायचो तरुणपणी. ती वीस किलोमीटरची फेरी मला त्या अरुंद वाटेने पुन्हा पडली, फक्त इथे वाटेत चहा नव्हता. चिरंजीव दर तीन रांगांनी थांबून कोणाच्या तरी झोपलेल्या गुडघ्यावर थाप मारायचे. पंधराव्या रांगेतला एक तरुण कानावरचं यंत्र काढून म्हणाला, “काका, याला जरा आवरता येईल का?”

मी काही बोललो नाही. कारण हे वाक्य माझंच होतं. कल्याणच्या शाखेत बदली होती तेव्हा दोन वर्षं मी पंचवटी एक्सप्रेसने जायचो. एकदा पासधारकांच्या डब्यात चुकून चढलेल्या एका बाईचं पोर कसाऱ्यापासून रडत होतं. मी पेपर खाली करून म्हणालो होतो, “बाई, आवरा की त्याला जरा.” ती बाई उठून दाराजवळ जाऊन उभी राहिली, कल्याणपर्यंत. तेव्हा पेपरातलं शब्दकोडं सुटलं होतं, एवढंच मला आठवत होतं. ती कशी उभी होती ते आता, पंधराव्या रांगेशी, दिसलं.

अकराव्या तासाला सौ. बसल्याजागी झोपली. चिरंजीव मात्र टक्क जागे. पलीकडच्या खुर्चीत एक गुजराती आजी होत्या, मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या. त्यांनी काही न विचारता हात पुढे केले. चिरंजीव गेले. जे सोळा तासांसाठी फक्त आईबापाच्या मांडीवर बसायचे होते, ते परक्या मांडीवर पाच मिनिटांत गाढ झोपले. आजी म्हणाल्या, “प्रॅक्टिस थाय छे.” मी जागाच राहिलो. काही तरी अवघडल्यासारखं वाटत होतं. ज्या मांडीसाठी ठेव मोडली ती अजून पाच तास लांब होती.

उतरताना झोपलेल्या मुलाला उठवावं लागतं, झोपेत ते गिळत नाही म्हणून. अण्णांचा हा नियम पाळायला काळीज लागतं. आम्ही उठवलं. दूध त्यांनी नाकारलं, पण रडले इतकं की कान आपोआप मोकळे झाले असावेत.

दादाच्या दारात आई काठी टेकून उभी होती. पाहिलं तर केवढीशी झालेली. चिरंजीवांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशातल्या फोनकडे बोट केलं, आणि माझ्या मानेत तोंड खुपसून भोकाड पसरलं. फोनमधली आजी बाहेर आलेली त्यांना पसंत नव्हती. मी तसाच पुढे करायला लागलो, तर आई म्हणाली, “राहू दे. ओढू नको त्याला. येईल.” दोन दिवस ते तिच्या वाटेला गेले नाहीत. मी मनातल्या मनात मोडलेल्या ठेवीचे आकडे मांडत होतो. परतीला तीन आठवडे उरले होते.

तिसऱ्या रात्री तीनला जाग आली. शेजारी चिरंजीव नव्हते. सातपूरला तेव्हा दुपारचे साडेबारा, म्हणजे त्यांची जेवायची वेळ. स्वयंपाकघरात दिवा होता. आईला झोप नसतेच. ती खुर्चीत बसली होती, चिरंजीव मांडीवर, आणि पुढ्यात मऊ भाताची ताटली. डाव्या हाताने आम्हाला कधी घास उचलू दिला नाही तिने, हातावर चापट बसायची. आता तीच डाव्या हाताने एकेक घास कालवून त्याच्या तोंडात घालत होती. निम्मा भात गाऊनवर सांडत होता.

“अजून?” ती विचारत होती.

“अजून,” चिरंजीव म्हणाले.

मी दार होतं तसंच लोटून परत येऊन पडलो.