भायखळ्याचा बंबखाना

१४ एप्रिल ही तारीख आपल्या घरात कोणाला सांगावी लागत नाही. त्या दिवशी वस्तीवस्तीतून मिरवणुका निघतात आणि लहान मुलेसुद्धा पहाटे उठून नवे कपडे घालतात. पण त्याच सकाळी भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात एका स्मारकावर पुष्पचक्र वाहिले जाते, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत आग विझवताना ६६ जवान एका दुपारी मेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या दिवशी बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली होती आणि ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. जे मेले, त्यांत गोदी कामगार, हमाल आणि पगारावर जगणारे बंबवाले फार होते.

म्हणून अशाच एका सप्ताहात आमच्या मंडळाने ठरवले की यंदाची मुलांची सहल राणीच्या बागेत नेण्याऐवजी बंबखान्यात न्यायची. आम्ही दहाबारा कार्यकर्ते, काही भगिनी आणि वीसेक मुले असे भायखळा स्टेशनात उतरलो आणि पश्चिमेला बापूराव जगताप मार्गाने चालत निघालो.

बंब म्हणजे काय?

आमच्या पिढीला बंब म्हटले की न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवतो. आगीच्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो. पोर्तुगीज भाषेत पंपाला ‘बोंबा’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. आणि आगीच्या गाडीचा जीव खरोखर पंपातच असतो. गाडी चालवणारे इंजिन, गाडी उभी राहिली की तेच पंप फिरवते. पाणी टाकीतून, हायड्रंटमधून किंवा तलावातून ओढायचे आणि दाबाने होज पाईपमधून फेकायचे. पुढे तोंडाला जी धातूची नळी असते तिला ‘ब्रँच’ म्हणतात. पाण्याचा जोर इतका, की ती एकट्याने धरली तर माणूस मागे फेकला जातो. आमच्यातल्या दोन धट्ट्याकट्ट्या तरुणांनी ती धरून पाहिली आणि दोघेही तीन पावले मागे सरकले. मुले खूप हसली.

साधा बंब, मोठ्या टाकीचा जम्बो टँकर, फिरत्या चौथऱ्यावरची शिडी, माणसांना पाळण्यातून उतरवणारी स्नॉर्केल, पत्रा आणि लोखंड कापणारी अवजारे असलेली रेस्क्यू व्हॅन, अशा गाड्यांच्या जाती आहेत. तेल पेटले तर नुसत्या पाण्याने भागत नाही, त्यावर फेसाचा थर पसरावा लागतो, म्हणून फेसाची गाडी वेगळी. नव्वद मीटर उंची गाठणारी शिडीही मुंबईच्या दलाकडे आली आहे. नव्वद मीटर म्हणजे साधारण तीस मजले. एका मुलीने विचारले, “आणि चाळीस मजल्यांची बिल्डिंग असली तर?” उत्तर असे, की तिथे इमारतीच्या आतलीच यंत्रणा चालली पाहिजे. पाईप, पंप, टाकी आणि आसरा घेण्याचा मजला हे सगळे बांधणाऱ्याने नीट ठेवलेले असले पाहिजे.

जवानाच्या पाठीवर हवेची टाकी असते. ती साधारण अर्धा तास पुरते, आणि हवा संपत आली की शिटी वाजते. शिटी वाजली की बाहेर यायचे, हा नियम. पण आत कोणी अडकलेले असले तर त्या शिटीला किती जवान मान देत असतील, हे त्यांनाच ठाऊक.

घोड्यांच्या बंबापासून

मुंबईची पहिली मोठी नोंदलेली आग १८०३ सालची. त्या वर्षी फेब्रुवारीत कोटाच्या आत, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, बाजार पेटला आणि दाटीने बांधलेली घरे राख झाली. त्यानंतर सरकारने लोकांना कोटाबाहेर वस्ती करायला लावली. काळबादेवी, मांडवी अशा भागांची भरभराट पुढे झाली, तिच्या मुळाशी ही आगही आहे. शहराचा नकाशा असा जळून बदलतो.

दलाची सुरुवात १८५५ च्या सुमारास पोलिसांच्या हाताखाली झाली, आणि १८८७-८८ मध्ये ते महापालिकेकडे आले. १८९० मध्ये लंडनहून शिकलेला अधिकारी आणला. त्या काळी बंब घोडे ओढत. १९०७ साली पहिला मोटारबंब आला आणि हळूहळू घोड्यांची सुटी झाली. दलाच्या प्रमुखपदी पहिला भारतीय माणूस बसला तो स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये. त्यांचे नाव एम. जी. प्रधान. आज शहरात पस्तीसच्या आसपास केंद्रे आहेत. ती फक्त आगीला धावत नाहीत. इमारत कोसळली, कोणी बुडाले, मांजात घार अडकली, तरी हाक त्यांनाच.

गोदीतली ती दुपार

भायखळ्याहून आम्ही मशीद बंदरला गेलो आणि पूर्वेला पी. डिमेलो रोडवर आलो. गोदी कामगारांच्या या पुढाऱ्याचे नाव रस्त्याला आहे, हे मुलांना मुद्दाम सांगितले. गोदीच्या आत सहजासहजी जाता येत नाही. लांबच लांब भिंत आणि रंगांच्या नावाची दारे. यलो गेटच्या पोलीस ठाण्याचे नाव त्यावरूनच. भिंतीच्या सावलीत मुलांना बसवून आम्ही ती हकीकत सांगितली.

युद्धाचे दिवस होते. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे मालवाहू जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे आले आणि १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा. त्यात सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. कापूस आणि स्फोटके एकाच कप्प्यात, एकावर एक. स्फोटके असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचे असते, ते लावले नव्हते. दोन दिवस जहाज तसेच उभे राहिले.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास कप्प्यातून धूर दिसला. बंब आले. धुरामुळे आग नेमकी कुठे आहे ते दिसेना. जवानांनी नऊशे टनांहून अधिक पाणी आत ओतले, पण आतले पाणीच उकळू लागले. आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून मनात हिशेब मांडला: खाली चौदाशे टन दारूगोळा, वर नऊशे टन उकळते पाणी, आणि मध्ये लोखंडी पत्र्यावर पाय रोवून उभे असलेले जवान. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला, तो पहिल्यापेक्षा मोठा.

बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर नोंद झाली. ‘जलपद्म’ नावाचे जहाज उचलून धक्क्यावर आपटले गेले. पेटता कापूस आकाशातून वखारींवर आणि घरांवर पडला. सोन्याची एक वीट दूरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. ती त्यांनी परत केली. मृतांचा आकडा आठशे ते तेराशे असा सांगितला जातो. नक्की आकडा कोणालाच लावता आला नाही, कारण रोजावर आलेल्या माणसांचे हजेरीपुस्तक कोण ठेवणार? ऐंशी हजार लोक बेघर झाले. बंगालच्या दुष्काळाला वर्षही झाले नव्हते आणि इथे हजारो टन धान्य जळाले. आग आटोक्यात आणायला तीन दिवस लागले. मलबा उपसायला आठ हजार माणसे सात महिने राबली. ती माणसेही आपल्यासारखीच होती.

एका मुलाने विचारले, “जवानांना आत काय आहे ते सांगितले नव्हते का?” या प्रश्नासाठीच आम्ही इतक्या लांब आलो होतो असे वाटले. आगीशी झुंजणाऱ्याला आत काय आहे हे कळणे हा त्याचा हक्क आहे.

आग अजून तशीच आहे

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालय पेटले आणि पाचजण गेले. राज्याचा कारभार जिथून चालतो त्या इमारतीची ही गत. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीत लाकडी सांगाड्याची जुनी इमारत पेटली आणि कोसळली. त्यात दलप्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई असे चार अधिकारी गेले. साहेब मागे आणि शिपाई पुढे, असा हा खात्याचा रिवाज नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारात चौदाजण गेले. जिथे आपल्या बापजाद्यांनी साचे चालवले, तिथे उपाहारगृहाच्या गच्चीवर आग लागली.

आणि आपल्या वस्तीची आग? ७ डिसेंबर २०१५ रोजी कांदिवलीच्या दामूनगरात गॅसचे सिलिंडर एकामागून एक फुटले, हजाराहून अधिक झोपड्या गेल्या आणि दोघे मेले. आदल्याच दिवशी चैत्यभूमीवर गर्दी झाली होती. अशा आगीत भांडीकुंडी जातात तशी रेशनकार्डे, जातीचे दाखले आणि मुलांची गुणपत्रके जातात. भांडे परत घेता येते, पण दाखल्यासाठी वर्षभर खेटे घालावे लागतात.

कायदा आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. त्यानुसार उंच इमारती, कार्यालये, दवाखाने, सिनेमागृहे अशा ठिकाणच्या मालकांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घ्यायचा असतो. पण आमच्यातला एकजण ज्या कार्यालयात खर्डेघाशी करतो, तिथल्या वाळूच्या लाल बादल्या पानाच्या पिचकाऱ्यांनी आणखी लाल झाल्या आहेत आणि बाहेर पडण्याच्या जिन्यात जुन्या फायली रचल्या आहेत. आपल्या कामाच्या ठिकाणी हा दाखला मागा. युनियन असेल तर युनियनतर्फे मागा.

घरोघरी एवढे करा

२२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये आग लागली आणि चौघे गेले. त्या धुरात एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावले. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. शिक्षणाचा उपयोग म्हणतात तो असा.

म्हणून भगिनींनो आणि बांधवांनो, पुढील गोष्टी आपल्या मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवा. आगीत बहुतेकदा जाळापेक्षा धूर आधी मारतो, म्हणून नाकाला ओले फडके लावून जमिनीलगत सरपटत बाहेर पडा. लिफ्ट वापरू नका. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका, गॅस बंद करून वर झाकण ठेवा. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा आणि दारे-खिडक्या उघडा. विजेच्या आगीवर आधी मेन स्विच बंद. अंगावरचे कपडे पेटले तर धावू नका, जमिनीवर लोळा. १०१ ला फोन करताना पत्त्याबरोबर जवळची खूण सांगा आणि वस्तीच्या तोंडाशी दोन पोरे उभी करा, म्हणजे बंब चुकणार नाही. महत्त्वाच्या कागदांच्या झेरॉक्स गावाकडे किंवा नातेवाइकाकडे ठेवा.

आणि शेवटची गोष्ट गल्लीची. हातगाडी, मोटारसायकल, वाढवलेला ओटा आणि मंडपाचे खांब यांनी आपल्या गल्ल्या बुजल्या आहेत. पालिकेकडे रुंद रस्ता जरूर मागावा, तो आपला हक्क आहे. पण आहे तेवढी वाट मोकळी ठेवणे आपल्या हातात आहे. जयंतीचा मंडप घालतानाही बंब जाईल एवढी जागा सोडावी. आमच्या मंडळाने तसा ठराव केला आहे, आणि मंडपाचे खांब रोवताना दोरी धरून वाट मोजण्याचे काम त्या सहलीला आलेल्या मुलांकडेच दिले आहे.