पट्टी आणि पकड

दिल्लीच्या सरकारी वसाहतीतला आमच्यासारखा कारकून पै-पै साठवून कॅमेरा घेतो आणि ट्रायपॉडवर चढविताना तो तळहाताहून लहान अशा एका पट्टीच्या हवाली करतो, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. कॅमेऱ्याच्या बुडाचा स्क्रू बहुतेक ठिकाणी एकच: पाव इंच जाडी, इंचाला 20 आटे. त्याबद्दल तंटा नाही. तंटा आहे तो पट्टीचा. आर्का-स्विस कंपनीने रूढ केलेली, तिरप्या कडांची, सुमारे 38 मिलिमीटर रुंद पट्टी आज अनेक कारखाने बनवितात. पण तिचे माप कोणत्याही मानक संस्थेने बांधून दिलेले नाही. नाव एक, माप निराळे. (आमच्या कचेरीतील फॉर्मांचीही हीच कथा!) मॅनफ्रोटोची 'आरसी 2' पट्टी तर त्या पकडीत बसतच नाही.

मूठ फिरवून आवळावयाची पकड थोडा फरक सांभाळून घेते. खटक्याची पकड बहुधा ठरावीक अंतरच मिटते. पट्टी अंमळ अरुंद निघाली की खटका बसल्याचा नुसता भास होतो. गेल्या हिवाळ्यात भरतपुरास सारस टिपताना आमच्या एका स्नेह्यांचा कॅमेरा असाच घसरला. पट्टीखाली दोन्ही टोकांस बारीक अटकाव-स्क्रू होते, म्हणून तो काठाशी अडकून राहिला. काही पकडींत त्या स्क्रूंना जागा नसते, म्हणून लोक ते खुशाल काढून टाकतात!

"मग गळ्यातला पट्टा कशासाठी असतो?" असे आमच्या सौ. विचारतात. खटका लावल्यावर आम्ही कॅमेरा पुढेमागे ओढून पाहतो. तोवर पट्टा गळ्यातच.