धाडच्या वाड्यांतील सोडा

मलकापूरच्या स्टेशनावर उतरून बुलढाण्याकडे निघालें म्हणजे मोताळा मागें पडतें आणि थोड्याच वेळांत राजूरचा घाट लागतो. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत वैशाखाचें ऊन नुसतें भाजून काढीत असतें. घाट चढून वर आलें कीं ऊन तेंच, परंतु वाऱ्याला कांहींशी माया आलेली असते. बुलढाणा हें नांव 'भिलठाणा' ह्या मूळ नांवावरून आलें असें सांगतात. तेथून दुसऱ्या गाडीनें नैर्ऋत्येकडे वळलें म्हणजे धाड. नांव ऐकून नव्या माणसाच्या डोळ्यांपुढें दरोडेखोर उभे राहावे. पण गांव आपलें काळ्या जमिनीचें, कपाशी-सोयाबीन पिकविणारें, आल्यागेल्याला पाण्याआधीं चहा विचारणारें आहे. पुढें थोड्याच अंतरावर जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुका सुरू होतो. एके काळीं ही दोन अंमलांची हद्द होती. अलीकडे इंग्रजांच्या कारभारांतलें वऱ्हाड, आणि पलीकडे, १९४८ पर्यंत, निजामाची मोगलाई.

येथें आमच्या आक्कांचें सासर. आक्कांनीं पंचाहत्तरी ओलांडली आहे. तीन मुलगे, सुना, नातवंडें मिळून सतरा माणसें एका चुलीवर जेवतात. ह्या वर्षीं आमच्या थोरल्या भाच्याचें बोलावणें आलें तें असें: "मामा, सुट्टींत याच. घरीं सोड्याचा कारखाना काढला आहे."

आम्हांस तें थट्टेचें वाटलें. परंतु वाड्यांत पाऊल टाकतों न टाकतों तोंच हातांत पेला आला. कैरीचें पन्हें, आणि त्यांतून असंख्य बुडबुडे सरसर वर येत आहेत. घोट घेतांच नाकांत झिणझिणी आली आणि प्रवासाचा शीण निम्मा उतरला. पन्ह्याची ही अवस्था आम्हीं पूर्वीं पाहिली नव्हती. पहिल्या घोटाला आम्ही थोडे बिचकलों, दुसऱ्याला नाहीं.

ह्या कारखान्याचें मूळ बाजारांत आहे. गोटीसोड्याची गाडी सर्वांनीं पाहिलेली असते. कॉड नांवाच्या इंग्रजानें १८७२ सालीं त्या बाटलीचा हक्क घेतला. मानेंत कांचेची गोटी आणि रबराचें कडें, आंतील वायूच्या दाबानेंच गोटी वर घट्ट बसावी, ही त्याची युक्ति. तिचा विलायतेंतला जमाना केव्हांच सरला, आमच्याकडे मात्र ती अजून फटकन् फुटते. गाडीवाला पेटींतल्या बाटल्या दांड्यानें गरगर फिरवतो, आणि शेजारीं एक उंच लोखंडी टांकी उभी असते. भाच्याचें लक्ष त्या टांकीकडे गेलें. घरांत सतरा तोंडें, उन्हाळ्यांत रोज पाहुणा. विकतच्या बाटल्यांत साखरच फार. मग टांकीच कां आणूं नये? त्यानें चौकशी केली आणि दहा किलो वायु मावणारी टांकी, दाब कमी करणारा रेग्युलेटर, नळी आणि बाटलीस बसणारें झडपेचें झांकण आणलें. अग्निशामकाची जुनी टांकी कोणी स्वस्तांत देत होतें, ती त्यानें घेतली नाहीं, हें शहाणपण. तसल्या टांकींत बहुधा तळापर्यंत नळी सोडलेली असते, त्यामुळें ती उभी ठेवली तरी वायूऐवजीं द्रवच उसळून बाहेर येतो. शिवाय तो वायु खाण्यापिण्याच्या शुद्धतेचा असतो असें नाहीं.

कृति सोपी आहे. पाणी फ्रिजमध्यें होईल तितकें गार करावयाचें, कारण गार पाण्यांत हा वायु अधिक विरघळतो. शून्य अंशाजवळचें पाणी वीस अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट वायु घेतें. कोल्ड्रिंकची जाड प्लॅस्टिकची बाटली घ्यावयाची. साधी कांचेची बाटली कदापि नाहीं. ती फुटली तर तिचे तुकडे डोळा पाहून थांबत नाहींत. चार बोटें जागा सोडून पाणी भरावें, बाटली दाबून आंतली हवा घालवावी, झांकण लावून दर चौरस सेंटिमीटरला दोन-अडीच किलोच्या दाबानें वायु सोडावा आणि मिनिटभर खळखळ हालवावें. सरबत, लिंबू, पन्हें, जें घालावयाचें तें मागाहून. आधीं घातलें तर फेंस उसळून स्वयंपाकघराच्या भिंती गोड होतात. धाकट्या सूनबाईंनीं तो प्रयोग एकदां केला आहे.

जेवणानंतर नातवंडांनीं आम्हांस घेरलें. एकानें विचारलें, "आजोबा, ह्यांत सोडा कोठें आहे? आई तर नुसतें पाणी घेते." प्रश्न रास्त होता. पाण्याचें हें नांव जुन्या दिवसांचें आहे. तेव्हां पाण्यांत खराच सोडा घालीत, आणि वायुहि सोडा किंवा खडू ह्यांवर आम्ल ओतून काढीत. खरा सोडा पाहावयाचा तर त्यासाठीं ह्याच जिल्ह्यांत लोणारास जावें. काळ्या पाषाणांत अशनि आदळून पडलेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर, आणि त्यांतलें खारें, साबणासारखें बुळबुळीत पाणी. तेथें पूर्वीं खार काढीत. साबण आणि कांच ह्यांस तो उपयोगी पडतो असा उल्लेख अकबराच्या वेळच्या 'आईन-ई-अकबरी'मध्यें आहे. मुलांना हें आवडलें, पण बुडबुडे अधिक आवडले.

दुसऱ्या दिवशीं एकादशी होती. सोडा उपासाला चालतो काय, हा प्रश्न संस्कृत शिकलेला मनुष्य म्हणून आमच्यापुढें आला. आम्ही घसा साफ करीत आहों तोंच आक्कांनीं निकाल दिला: "पाणी आणि वारा. त्यांत न चालण्यासारखें काय आहे?" ज्या आक्कांनीं जन्मांत गाडीवरच्या सोड्याला हात लावला नाहीं, त्यांनीं लिंबू आणि सैंधव घालून पेला रिकामा केला. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य माजलें होतें आणि टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादांत सांपडावें लागलें होतें. आमच्या आजीचें मन त्याच काळांतलें होतें. बर्फ आणि सोडा ही दोन्हीं तिच्या लेखीं बाटगीं. घरचा सोडा तिला मिळता तर तिनें काय केलें असतें, हें आक्कांकडे पाहतांना मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

ह्याच दुपारीं मात्र आमच्या मनाची स्वस्थता गेली.

टांकी कोठें ठेवली आहे, हें आम्हीं तोंवर पाहिलें नव्हतें. ती माजघरालगतच्या कोठीच्या खोलींत होती. दोन पायऱ्या उतरून जावें लागतें. जाड मातीच्या भिंती, एकच लहान खिडकी, तीहि मांजरामुळें बंद. घरांतली सर्वांत थंड जागा हीच, म्हणून टांकी तेथें. आणि त्याच कारणानें दुपारीं आक्कांचें अंथरूणहि तेथेंच, जमिनीवर. आम्ही आंत गेलों तेव्हां त्या उठून बसल्या होत्या आणि कपाळ दाबीत होत्या.

"आठ दिवस झाले रे, दुपारीं निजून उठलें कीं डोकें ठणकतें. वय झालें, दुसरें काय!"

आम्हीं भाच्यास विचारलें, नवी भरलेली टांकी केव्हां लावलीस? तो म्हणाला, "आठ दिवस झाले असतील, मामा. कां?"

मग सहज बोलावें तसें तो म्हणाला कीं, ह्या खोलीखालीं पूर्वीं पेव होतें, आजोबांनीं तें बुजवून वर फरशी घातली. पेव हा शब्द ऐकतांच आमच्या अंगावर कांटा आला. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असतांना आमच्या गांवीं ज्वारीचें पेव उघडलें. एक गडी उतरला आणि हांकेला ओ देईना. त्याला काढावयास त्याचा भाऊ उतरला. दोघांनाहि दोरानें वर घेतलें तेव्हां कांहीं उरलें नव्हतें. त्या दोघांची आई वाड्याच्या पायरीवर बसून राहिली होती. ती रडत नव्हती, एवढेंच आम्हांस आठवतें. कोंडलेलें धान्यहि श्वास घेतें, प्राणवायु ओढतें आणि कर्बद्विप्राणिद सोडतें. हवेच्या दीडपट जड असा तो वायु पेवाच्या तळाशीं साचतो. नांवांत दोन प्राणांचा उल्लेख आणि करणी अशी! पन्ह्यांतला वायु तो हाच.

जुनीं माणसें पेवांत आधीं दिवा सोडीत. १७६७ च्या सुमारास लीड्स येथें प्रीस्टले नांवाच्या धर्मोपदेशकानें शेजारच्या दारूच्या भट्टींत पिंपांवर साचलेल्या वायूंत जळती काडी धरली तीहि अशीच विझली; त्याच वायूवर पाणी ठेवून त्यानें पहिला सोडा केला, आणि १७७२ त त्याची कृति छापली. आम्हांसहि दिवाच सुचला. सूनबाईंकडून निरांजन मागविलें आणि सर्व मंडळींच्या देखत तें अंथरुणाशेजारीं जमिनीवर ठेवलें. ज्योत हललीसुद्धां नाहीं. मुलें हंसलीं. भाचा नम्रपणें म्हणाला, "मामा, कांहीं नाहीं हो."

येथें आमची शाळामास्तरकी जरा दुखावली हें कबूल केलें पाहिजे. परंतु विचार करतां चूक दिव्याचीच होती. हवेंत हा वायु शेंकडा दहाच्याहि पुढें गेल्यावांचून ज्योत सहसा विझत नाहीं. माणसाचें डोकें मात्र शेंकडा दोन-तीनांतच जड होतें, श्वास वाढतो, आणि दहाच्या सुमारास शुद्ध हरपते. विझलेला दिवा 'उतरूं नको' असें खात्रीनें सांगतो. जळता दिवा 'उतर' असें सांगत नाहीं. पेवाच्या काळीं दिव्याखेरीज दुसरें साधन नव्हतें. आज साबण आहे.

वाटींत साबणाचा दाट फेंस करून भाच्यानेंच तो रेग्युलेटरच्या सांध्यावर लावला. टांकीच्या तोंडाशीं, वायसराच्या जागीं, एकामागून एक बुडबुडे फुगूं लागले. अगदीं पन्ह्यांतल्यासारखे. कोणी हंसलें नाहीं.

मग टांकी पोतीं तोलण्याच्या काट्यावर चढविली. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ह्या टांकींत वायु द्रवरूपानें असतो आणि वरच्या रिकाम्या जागेंत त्याची वाफ. वीस अंशांना त्या वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारें ५७ पट, तीस अंशांना ७० पटींच्या वर. द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब उतरत नाहीं, म्हणून वरच्या तबकडीचा कांटा टांकी भरलेली असो कीं तळाला गेलेली, एकच आंकडा दाखवितो. एकतीस अंशांच्या वर तर द्रव आणि वायु हा भेदच उरत नाहीं, नुसता दाब चढतो. आमच्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हां असली टांकी काठोकाठ भरून घेणें किंवा उन्हांत ठेवणें हा मूर्खपणा होय. तिच्या परीक्षेचे व भरण्याचे नियम सरकारनें ठरविले आहेत, आणि तें खातें, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, नागपुरासच आहे. असो. हिशेब वजनाचाच खरा. रिकाम्या टांकीचें वजन तिच्या खांद्यावर कोरलेलें असतें.

लिटरभर चांगल्या सोड्यांत सात-आठ ग्रॅम वायु राहतो. सांडलवंड धरून आम्हीं बारा धरले. थोरल्या नातीच्या वहींत आठ दिवसांच्या बाटल्या मांडलेल्या होत्या: ४०. म्हणजे अर्धा किलोहि वायु खर्च व्हावयास नको. काट्यावर तो पांच किलो कमी भरला. दुपारीं मुलें बाटल्या भरीत आणि टांकीची मुख्य चावी संध्याकाळपर्यंत उघडी राही. नेमक्या त्याच वेळीं, बंद खोलींत, जमिनीलगत, आक्का निजलेल्या असत. एक किलो वायु म्हणजे पांचशें लिटरांहून अधिक. गुणाकार वाचकांनींच करावा.

भाच्याचा चेहरा उतरला. तो आक्कांजवळ जाऊन बसला, बोलला कांहीं नाहीं. आक्काच म्हणाल्या, "अरे, तूं काय मुद्दाम केलेंस? ऊठ, आधीं ती खिडकी उघड."

टांकी त्याच संध्याकाळीं ओसरीवर आली. उत्तरेच्या बाजूला, जेथें दिवसभर सांवली असते आणि तिन्हीं अंगांनीं वारा खेळतो, तेथें खांबाला सांखळीनें उभी बांधली, म्हणजे पोरांच्या धक्क्यानें पडून तिचें तोंड मोडावयास नको. वायसर नवा घातला, पुन्हां साबण लावून पाहिला. बाटल्या भरून होतांच मुख्य चावी बंद करण्याचें काम थोरल्या नातीकडे, आणि दर एकादशीस टांकी तोलण्याचें भाच्याकडे. एकादशी ही आक्कांची सूचना. तिथि घरांत कोणी विसरत नाहीं. आक्कांचें अंथरूण मात्र कोठींतच राहिलें, खिडकीला मांजरासाठीं जाळी बसवून.

आम्ही आणखी चार दिवस राहिलों. आक्कांचें कपाळ पुन्हां दुखलें नाहीं. तें वायूनेंच दुखत होतें असें आम्ही शपथेवर सांगूं शकत नाहीं. वैशाखांत डोकें दुखावयास कारणें पुष्कळ असतात. निघतेवेळीं सूनबाईंनीं वाळ्याचें सरबत घातलेली सोड्याची बाटली बरोबर दिली. राजूर घाट उतरतांना ती फुगून टणक झाली, आणि मलकापूरच्या फलाटावर उघडतांच शेजारच्या एका सद्गृहस्थांच्या धोतरावर तिचा अर्धा भाग उडाला. त्यांनीं राग न मानतां उरलेल्या अर्ध्यांत वांटा घेतला.

पुढच्या एकादशीस रात्रीं भाच्याचा फोन आला. वहींत बाटल्या सत्तर, टांकींतलें वजन कमी झालें आठशें चाळीस ग्रॅम.

"मामा," तो म्हणाला, "बारानें भागून पाहा."